घास जातो कुठे? घशातल्या आणि अन्ननलिकेतल्या पिशव्यांची ओळख

आजचा विषय जरा वेगळा आहे. डायबिटीस किंवा ब्लडप्रेशरसारखा घरोघरी चर्चेत असलेला नाही. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी या आजाराचं नावही ऐकलं नसेल. पण ज्याला तो होतो त्याचं जेवण, झोप आणि चार माणसांत बसणं अशा तिन्ही गोष्टी तो हिरावून घेतो. त्यात दुःखाची गोष्ट अशी की तो ओळखायला सोपा आहे, बहुतेकदा बराही होतो, आणि तरीही कित्येक पेशंट वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या खात बसलेले असतात.

एका आजोबांपासून सुरुवात करतो. वय ७४. त्यांची सूनबाई त्यांना घेऊन आली होती. तक्रार काय, तर खोकला आणि वजन कमी होणं. दोन वर्षांत तीनदा न्यूमोनिया झाला होता. आपल्याकडे खोकला आणि वजनात घट म्हटलं की पहिला संशय टीबीचा येतो, आणि तो यायलाही हवा. थुंकी तपासली, त्यात काही निघालं नाही. मग मी विचारलं, "आजोबा, जेवता कसे?" ते गप्प बसले. सूनबाई म्हणाल्या, "डॉक्टर, बाबा आता आमच्याबरोबर जेवायला बसतच नाहीत. ताट घेऊन आत जातात." मग हळूहळू सगळं बाहेर आलं. घास गिळला की गळ्यात गुडगुड आवाज येतो. रात्री आडवं झालं की दुपारची भाजी जशीच्या तशी तोंडात येते, कधी उशीवर सांडते. तोंडाला वास येतो. लग्नाच्या पंगतीला जाणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. हे सगळं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण त्यांना लाज वाटत होती.

आता एक बारकावा लक्षात घ्या. ॲसिडिटीत पोटातलं वर येतं, ते आंबट किंवा कडू लागतं. आजोबांच्या तोंडात येणारं अन्न आंबट नव्हतं, कडूही नव्हतं. ते पोटापर्यंत पोहोचलेलंच नव्हतं! दुपारचा घास रात्रीपर्यंत कुठेतरी वाटेत थांबला होता. कुठे? तर घशाच्या मागच्या बाजूला तयार झालेल्या एका पिशवीत.

ही पिशवी होते कशी ते पाहू. आपण घास गिळतो तेव्हा घशाचे स्नायू त्याला मागून खाली ढकलतात. अन्ननलिकेच्या तोंडाशी एक आडवा स्नायू असतो, क्रायकोफॅरिंजियस त्याचं नाव. तो एरवी आवळलेला असतो आणि घास आला की क्षणभर सैल पडतो. म्हणजे दारावरचा रखवालदारच म्हणा. या आडव्या स्नायूच्या बरोबर वर तिरपे स्नायू असतात. आडवे आणि तिरपे धागे जिथे भेटतात तिथे मागच्या बाजूला एक छोटी तिकोनी जागा उरते, आणि तिथे स्नायूंचं अस्तर पातळ असतं. गुस्टाव किलियन या जर्मन डॉक्टरांनी तिचं नीट वर्णन केलं, म्हणून तिला किलियनचा त्रिकोण म्हणतात.

वय वाढलं की काही जणांत तो रखवालदार स्नायू ताठर होतो, पुरता उघडत नाही. वरून घशाचा जोर चालूच असतो. मग दाब जाणार कुठे? तुम्ही सायकल चालवली असेल तर पाहिलं असेल, टायरला चीर पडली की आतली ट्यूब तिथून फुग्यासारखी बाहेर येते. अगदी तसंच इथे होतं. आतलं नाजूक अस्तर त्या कमकुवत जागेतून मागे फुगतं. सुरुवातीला वाटाण्याएवढं असतं. मग त्यात अन्न साचतं, वजनाने ते खाली ओढलं जातं, आणि काही वर्षांत मानेत चांगली मोठी पिशवी लोंबू लागते, बहुधा डाव्या बाजूला. एक वेळ अशी येते की घास सरळ पिशवीत जातो आणि भरलेली पिशवी बाजूच्या अन्ननलिकेलाच दाबते.

या पिशवीचं एक जुनं वर्णन ब्रिस्टॉलचे सर्जन अब्राहम लडलो यांचं आहे, ते अठराव्या शतकात छापून आलं. पण नाव मिळालं ते फ्रीडरिश झेंकर यांचं. त्यांनी आणि त्यांचे सहकारी झीमसेन यांनी १८७७ साली असे बरेच रुग्ण एकत्र करून मांडले. म्हणून आजही आपण झेंकरचा डायव्हर्टिक्युलम म्हणतो. डायव्हर्टिक्युलम म्हणजे नळीच्या भिंतीतून बाहेर आलेली पिशवी, बाकी काही नाही. हा आजार साधारण साठीनंतरचा, आणि बायकांपेक्षा पुरुषांत जास्त.

आता अन्ननलिकेत आणखी दोन ठिकाणी पिशव्या होतात, त्या थोडक्यात सांगतो. एक छातीच्या मधोमध. तिथे अन्ननलिकेला लागून लसिकाग्रंथी असतात. टीबीमुळे त्या गाठी सुजल्या आणि बऱ्या होताना आक्रसल्या, की त्या अन्ननलिकेची भिंत आपल्याकडे ओढून घेतात. म्हणजे झेंकरची पिशवी आतून ढकलल्याने होते, ही बाहेरून ओढल्याने. तिचं तोंड रुंद असतं, अन्न सहसा साचत नाही, बहुतेकांना त्रासही होत नाही. दुसऱ्याच कारणासाठी तपासणी केली आणि ही दिसली, तर घाबरून जाऊ नका.

दुसरी जागा अन्ननलिकेच्या तळाशी, छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या जरा वर. इथली पिशवी पुन्हा दाबामुळे होते. खालचं दार नीट उघडत नाही, अकॅलेशिया नावाचा आजार किंवा अन्ननलिकेच्या आकुंचनातला दुसरा एखादा बिघाड असतो, म्हणून वर पिशवी फुगते. म्हणजे इथेही पिशवी हा परिणाम, मूळ दोष दाराचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, उपचारांत पुन्हा येणार आहे.

निदान कसं करायचं? पहिली तपासणी म्हणजे नीट ऐकून घेणं. न पचलेलं अन्न काही तासांनी परत येतं का? गिळताना गळ्यात आवाज होतो का? रात्री ठसक्याने जाग येते का? कालची गोळी आज तोंडात आली असं कधी झालंय का? ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. बीपीची गोळी पिशवीत पडून राहिली तर ती कामच करणार नाही, आणि डॉक्टर मात्र डोस वाढवत राहतील.

दुसरी तपासणी बेरियमची. पांढरं, खडूसारखं औषध प्यायला देतात आणि गिळताना एक्स-रेचं चित्रीकरण करतात. समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून. बाजूने घेतलेल्या चित्रात मानेच्या मणक्यांपुढे ती पिशवी स्पष्ट भरलेली दिसते. किती मोठी, तोंड कुठे, रिकामी होते का, सगळं कळतं. तपासणी काही मिनिटांची आहे आणि महागडीही नाही.

मग दुर्बीण, म्हणजे एंडोस्कोपी. इथे सावध राहावं लागतं. पिशवीचं तोंड बहुधा अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा मोठं आणि सरळ रेषेत असतं, त्यामुळे दुर्बीण आपोआप पिशवीतच शिरते. तळाशी भिंत पातळ असते, जोर लावला तर ती फाटू शकते. म्हणून तुम्हाला असा आजार असल्याचं माहीत असेल, तर नाकातून नळी घालताना, दुर्बीण करताना किंवा कुठल्याही ऑपरेशनपूर्वी ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. भूल देणाऱ्या डॉक्टरांना तर नक्कीच सांगा. आदल्या रात्रीपासून उपाशी असलात तरी पिशवीत अन्न असू शकतं आणि बेशुद्धीत ते फुप्फुसात उतरू शकतं. मग एंडोस्कोपी करायची तरी का? तर आत कॅन्सर नाही ना हे पाहण्यासाठी. अशा पिशवीत कॅन्सर होणं दुर्मीळ आहे, पण शक्य आहे. तळाच्या पिशवीसाठी आणखी एक तपासणी लागते, मॅनोमेट्री. अन्ननलिकेच्या आकुंचनाचा दाब तीत मोजतात.

आता उपचार. पिशवी लहान आहे, त्रास नाही, तर काहीच करायचं नाही. लक्ष ठेवायचं. त्रास असेल तर मात्र गोळ्यांनी पिशवी जात नाही. पूर्वी मानेवर छेद घेऊन पिशवी कापून काढत. पण नुसती पिशवी काढली आणि आवळलेला स्नायू तसाच ठेवला, तर दाब तोच राहतो आणि पिशवी पुन्हा होऊ शकते. म्हणून स्नायू कापून सैल करणं हा उपचाराचा गाभा आहे. पिशवी काढणं हा त्याच्यापुढचा भाग.

तोंडातून करायच्या पद्धतीमागची कल्पना समजायला शेतातला बांध आठवा. शेजारी शेजारी दोन वाफे आहेत, मध्ये बांध. एका वाफ्यात पाणी तुंबलंय. बांध फोडला की दोन्ही एक होतात आणि पाणी पुढे जातं. पिशवी आणि अन्ननलिका यांच्यामध्येही अशीच एक भिंत असते, आणि तो आवळलेला स्नायू नेमका त्या भिंतीतच असतो! भिंत कापली की स्नायूही कापला जातो आणि साचलेलं अन्न खाली जायला वाट मिळते. बॉस्टनच्या मोशर यांनी १९१७ साली ही पद्धत मांडली, पण एक रुग्ण दगावल्यावर त्यांनी ती सोडली. स्वीडनमध्ये डोलमन यांनी ती सुधारली आणि १९६० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९३ पासून स्टेपलर आला, जो कापतो आणि त्याच वेळी दोन्ही कडा शिवतो. आता लवचीक दुर्बिणीतूनही हे करता येतं. अलीकडे तर अस्तराखालून बोगदा करून फक्त स्नायू कापतात.

यातलं चांगलं कुठलं? सरसकट उत्तर नाही. तोंडातून केलेल्या उपचारात मानेवर छेद नसतो, माणूस लवकर खाऊ लागतो, वयस्कर पेशंटला ते झेपतं. पण पिशवी पुन्हा त्रास देण्याची शक्यता खुल्या ऑपरेशनपेक्षा जास्त. खुल्या ऑपरेशनमध्ये आवाजाच्या नसेला इजा होण्याचा धोका असतो. मान ताठ असेल, तोंड पुरेसं उघडत नसेल तर स्टेपलर आतच जात नाही. पिशवी फार लहान असेल तरी तो बसत नाही. उपचारानंतर ताप, छातीत किंवा पाठीत दुखणं, मानेच्या कातडीखाली दाबल्यावर कुरकुर लागणं, यातलं काहीही झालं तर लगेच दवाखाना गाठायचा.

तळाच्या पिशवीला छातीतून किंवा पोटातून दुर्बिणीने ऑपरेशन करतात. पिशवी काढतात आणि खालचा स्नायूही सैल करतात. तत्त्व तेच. हे मोठं ऑपरेशन आहे, त्यामुळे त्रास खरोखर असेल तरच.

प्रश्न आलाय, "माझी आई ८२ वर्षांची आहे, या वयात भूल सोसेल का?" नुसत्या वयावरून नाही म्हणू नका. हृदय आणि फुप्फुसं तपासून ठरवतात. काही ठिकाणी लवचीक दुर्बिणीचा उपचार पूर्ण भूल न देता गुंगीवरही करतात. उपचार न करण्यातही धोका आहे, कारण वारंवारच्या न्यूमोनियाने माणूस खचतो.

दुसरा प्रश्न, "तोपर्यंत घरी काय काळजी घ्यायची?" ताठ बसून, लहान घास, सावकाश चावून. भात मऊ, भाकरी आमटीत कुस्करून. जेवल्यावर थोडं पाणी. रात्रीचं जेवण लवकर, लगेच आडवं व्हायचं नाही, डोक्याकडची बाजू उंच. गोळ्या कुटून द्यायच्या का हे मात्र डॉक्टरांना विचारा, सगळ्या गोळ्या कुटून चालत नाहीत.

तिसरा, "घास अडकतो म्हणजे हीच पिशवी का?" नाही. घास अडकण्याची कारणं पुष्कळ आहेत, आणि त्यात अन्ननलिकेचा कॅन्सरही आहे. म्हणूनच घास अडकणं हे लक्षण वयावर ढकलायचं नाही. तंबाखू खाणाऱ्याने तर मुळीच नाही. पंधरा दिवस टिकलं की तपासून घ्यायचं.

आजोबांचं काय झालं? बेरियममध्ये पिशवी दिसली, तोंडातून भिंत कापली. काही महिन्यांनी सूनबाई भेटल्या. म्हणाल्या, "बाबा आता आमच्यातच बसतात, आणि वर मीठ कमी आहे म्हणून सांगतात." घरी गेल्यावर आपापल्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडे पाहा. कुणी एकटं जेवायला लागलं असेल तर सहज विचारा, गिळताना त्रास होतो का? ते स्वतःहून सांगणार नाहीत.