एस. टी. स्थानक : एका वास्तूची वाढती कामगिरी

महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील नाते हे माजी केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांचे जन्मगाव होय. अशा गावांचा तालुक्याच्या ठिकाणाशी असलेला नित्याचा व्यवहार मुख्यतः ज्या वास्तूतून चालतो, ती म्हणजे एस. टी. स्थानक.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर पहिली एस. टी. धावली. वाहतुकीचा विस्तार होत गेला, तशी गावोगावी हमरस्त्यालगत एक नव्या धाटणीची इमारत उभी राहिली. लांबलचक छप्पर, क्रमांक घातलेले फलाट, चौकशीची खिडकी, वाहतूक नियंत्रकाची खोली आणि उपाहारगृह ही तिची ओळख. गाड्यांचे नियमन आणि उतारूंना निवारा, एवढाच तिचा मूळ हेतू होता.

लवकरच तिच्यावर अन्य कामेही येऊन पडली. वृत्तपत्रांचे गठ्ठे येथेच उतरू लागले. शहरात शिकणाऱ्या मुलांसाठी घरून निघालेले जेवणाचे डबेही येथेच पोहोचू लागले. विद्यार्थ्यांना मासिक पासासाठी प्रवासभाड्याचा केवळ एक-तृतीयांश भाग भरावा लागतो, तर बारावीपर्यंतच्या ग्रामीण विद्यार्थिनींना शाळेसाठी विनामूल्य पास मिळतो. त्यामुळे जून महिन्यात पासाच्या खिडकीपुढे रांगा लागत. २०२४ पासून हे पास थेट शाळेत देण्याची योजना महामंडळाने हाती घेतली. साहजिकच, खिडकीवरील कामाचा काही भार मुख्याध्यापकांच्या यादीवर आला आहे.

अनेक स्थानकांत स्तनदा मातांसाठी ‘हिरकणी कक्ष’ उघडण्यात आले. तान्ह्या बाळाच्या ओढीने रायगडाचा कडा उतरून गेलेल्या गवळणीची आख्यायिका या परिसरात सर्वश्रुत आहे. तिचे नाव धारण करणारी ही लहानशी खोली मूळ आराखड्यात नव्हती. स्त्रियांचा प्रवास वाढला, तेव्हा तिची निकड ध्यानात आली.

तथापि, स्थानक कितीही सोयीचे असले, तरी त्याचा उपयोग गावच्या थांब्यावरच ठरतो. पास विनामूल्य असला, पण गाडीची आणि शाळेची वेळ जुळत नसली, किंवा पावसाळ्यात थांब्यावर आडोसा नसला, तर मुलीचे शिक्षण सुटण्याचा धोका संभवतो. पासासाठीची यादी वेळेवर देणे हे शाळेचे, थांब्याची शेड नीट राखणे हे पंचायतीचे आणि वेळापत्रकाची अडचण आगारास लेखी कळविणे हे दोहोंचे काम आहे. ही तीन कामे झाली, तरच तालुक्याचे स्थानक गावाच्या खऱ्या उपयोगी पडेल.