गोल नक्की कधी झाला?

इगतपुरीच्या पोरांना आवाजाचं गणित शाळेआधी येतं. पावसाळ्यात घाटावर वीज चमकली की वडील म्हणायचे, "मोज." एक, दोन, तीन... नवाला गडगडाट झाला तर वीज तीन किलोमीटरवर पडली. उजेड लगेच पोहोचतो, आवाजाला किलोमीटरमागे तीन सेकंद लागतात. कसाऱ्याहून वर चढणाऱ्या गाडीचंही तसंच. दर ३७ मीटरला एक मीटर चढ, म्हणून मागून बँकर इंजिनं ढकलत असतात. रात्री वळणावर दिवा आधी दिसायचा, भोंगा मागाहून यायचा.

हे गणित पुढे दोह्यात, तेही फुटबॉलपायी लागेल, असं काही वाटलं नव्हतं.

२०२२च्या नोव्हेंबरात, फुटबॉल वर्ल्ड कपच्या वेळी, मी दोह्याच्या अल घराफा भागात राहत होतो. इमारत नोकरदार एकट्या पुरुषांची. आमच्या मजल्यावर डिश होती, वरचे मल्याळी लोक फोनवर सामने बघायचे. पहिल्याच आठवड्यात गंमत लक्षात आली. आमच्याकडे गोल होऊन, ओरडून, चहाचा घोट घेऊन झाला की वरून छत हादरायचं. तोच गोल, पण अर्ध्या मिनिटाने. माझा कोल्हापूरचा रूममेट याचा गैरफायदा घ्यायचा. पेनल्टी असली की जिना चढून जायचा आणि वरच्यांना आगाऊ भविष्य सांगायचा. दोन दिवस त्याला सगळे देवमाणूस समजत होते. तिसऱ्या दिवशी हाकलला.

उशीर अंतरामुळे होत असेल असंच कुणालाही वाटेल. चित्र मैदानातून निघतं, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाला शिवतं आणि खाली येतं. पण एवढ्या प्रवासाला फक्त पाव सेकंद लागतो! खरा वेळ जातो तो घडी घालण्यात. प्रत्येक क्षणाचं अख्खं चित्र पाठवणं परवडत नाही, म्हणून यंत्र आधीच्या आणि नंतरच्या चित्रांशी तुलना करून फक्त बदललेला भाग पाठवतं. नंतरचं चित्र बघायचं तर थांबावं लागणारच. फोनवर त्यात आणखी भर पडते. तिथे सामना काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून येतो आणि मध्येच अडकू नये म्हणून फोन दोन-चार तुकडे साठवल्यावरच दाखवायला लागतो. घरात पीठ असल्याशिवाय पोळ्या लाटायला न घेणाऱ्या बाईसारखं. वरच्या मजल्याचं अर्धं मिनिट त्या पिठात जात होतं.

मला वाटलं, स्टेडियममध्ये तरी सगळ्यांचा गोल एकाच वेळी होत असेल. कतारमध्ये राहणाऱ्यांसाठी साखळी सामन्यांची ४० रियालची तिकिटं होती. २२ नोव्हेंबरला लुसैलला अर्जेंटिना विरुद्ध सौदी अरेबिया हा सामना मिळाला. भर दुपारी एक वाजता, ८८,००० माणसांत.

दुसऱ्या अर्धात सौदीच्या अल-दवसारीने उजव्या पायाने चेंडू वळवून कोपऱ्यात घातला. समोरच्या गोलामागे हिरवी भिंत उभी राहिली. हात वर गेलेले मी स्वच्छ पाहिले आणि त्या क्षणी तिकडून आवाज नव्हता. मग तो आला. मधलं अंतर अडीचशे मीटरच्या आसपास, म्हणजे पाऊण सेकंद. एका छताखाली बसूनही गोल सगळ्यांचा एकदम होत नाही. ढोलाच्या तालावर टाळ्या पडतात तेव्हा हे आणखी नीट कळतं. ढोलाजवळचे वेळेत असतात, पलीकडचे ऐकून मग वाजवतात, आणि टाळी लाटेसारखी मैदानाला वळसा घालते. कुणी बेताल नसतं. प्रत्येक जण आपापल्या जागेवर तालातच असतो.

त्याच सामन्यात अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड ठरून गेले होते. चेंडूच्या पोटात सेन्सर, सेकंदाला ५०० नोंदी करणारा. छताखाली १२ कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपणारे. यंत्राला क्षण एवढा बारीक चिरता येतो. आणि माणसं? माझ्या शेजारी मेस्सीच्या शर्टातला केरळातल्या मलप्पुरमचा एक गृहस्थ रद्द झालेल्या गोलासाठी उभा राहून नाचला, बसला, आणि पुढच्या गोलाला तितक्याच विश्वासाने पुन्हा उठला.

अशाच लोकांना स्पर्धेआधी काही युरोपीय पत्रकारांनी 'खोटे चाहते' ठरवलं होतं. केरळचे लोक अर्जेंटिनासाठी का रडतील? त्यांनी कोळिकोडजवळच्या पुल्लावूरला नदीत उभे केलेले मेस्सी, नेमार, रोनाल्डो यांचे अजस्र कटआउट पाहायला हवे होते. नाहीतर आमच्या कोल्हापूरकराला विचारायचं. ज्या गावात पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार हा फुटबॉल सामना म्हणजे पेठापेठांची इज्जत, तिथे वर्ल्ड कप आला की गल्ली ब्राझील-अर्जेंटिनात वाटली जाते. ब्राझील ९ डिसेंबरला क्रोएशियाकडून हरलं, तेव्हा तो दोन दिवस जेवला नाही. हे खोटं असेल तर खरं काय असतं ते मला माहीत नाही.

१८ डिसेंबरचा अंतिम सामना आम्ही मजल्यावरच पाहिला, वरच्यांना खाली बोलावून. इगतपुरीला आई-वडील जागे होते, फोन चालूच होता. ३-३ झालं, पेनल्टी आल्या. अर्जेंटिनाचा मोंतिएल चेंडू ठेवून मागे गेला, धावला, आणि आमची खोली फुटली. ओरड्यातून फोनवर आईचा आवाज आला, "सांगू नकोस रे! आमच्याकडे तो अजून मागे चाललाय." मी फोन तळव्याने दाबून धरला. छातीत गोल झालेला, आणि इगतपुरीत अजून होणार होता. मग पलीकडून वडिलांची ओरड आली. त्यांना उभ्या जन्मात मी एवढं ओरडताना ऐकलं नव्हतं.

नंतर गच्चीवर गेलो. उत्तरेला लुसैलवर आतषबाजी सुरू झाली होती, लाल, पांढरी, अगदी निःशब्द. दहाएक किलोमीटर. मी नकळत मोजायला लागलो.

"काय मोजालाईस?" कोल्हापूरकर म्हणाला.

"थांब. तीसला आवाज येईल."

तोही मोजू लागला. सव्विसाव्या आकड्याला खालच्या रस्त्यावर निळे-पांढरे झेंडे लावलेली पहिली गाडी वळली, तिने हॉर्न दाबला तो सोडलाच नाही, आणि तिच्यामागून दुसरी आली.