जुन्या नाण्यांची जपणूक

बोरगाव, निपाणी, चिकोडी या बाजूच्या जुन्या घरांतून देव्हाऱ्यातील ताम्हनात एखादी तांब्याची शिवराई, नाहीतर कपाटातील डब्यात वाडवडिलांनी ठेवलेला राणीछाप रुपया आजही आढळतो. सणावाराच्या दिवशी शिवराईला चिंच आणि मीठ लागते, रुपयाला रांगोळी लागते, आणि दोन्ही लख्ख होतात. घरच्यांना समाधान वाटते. परंतु जमिनीत पडून राहिल्याने नाण्याचे जेवढे नुकसान झाले नसेल, तेवढे पुष्कळदा अशा घासण्याने होते.

तांब्यावर कालांतराने तपकिरी किंवा हिरवट थर चढतो. हवेतील प्राणवायू, ओल व कर्बवायू यांच्या योगाने तो बनतो. हा थर घट्ट व गुळगुळीत असेल तर तो मळ नव्हे. आतल्या धातूचे तो रक्षणच करतो. चिंचेचे आम्ल हा थर विरघळविते आणि त्याबरोबर ‘श्री राजा शिव’ या अक्षरांच्या कडाही झिजतात. मीठ त्याहून वाईट. त्यातील क्लोराइड तांब्याच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून बसते. पुढे पावसाळा आला की ओलीच्या साहाय्याने आतल्या आत क्रिया सुरू होते आणि नाण्यावर फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके उमटतात. ही भुकटी नखाने सहज निघते. यालाच संग्रहालयांतील मंडळी धातूचा रोग म्हणतात. घामातही मीठ असते, म्हणून नाणे नेहमी कडेने धरावे. देवाच्या नाण्याला रोज दह्यादुधाचे स्नान घालणाऱ्यांनी पूजेसाठी आजचे नाणे ठेवावे आणि जुने बाजूस काढावे. त्यात भक्तीला काही उणेपणा येत नाही.

शिशाच्या नाण्यांची कथा निराळी आहे. कोल्हापूरच्या पंचगंगाकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर शिशाची पुष्कळ प्राचीन नाणी मिळाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये तेथे उत्खननही केले. विळिवायकुर, शिवलकुर अशी नावे धारण करणारे राजे इतिहासाला मुख्यत्वे या नाण्यांमुळेच ज्ञात आहेत. त्यांतील कोण आधीचा व कोण नंतरचा, हे कसे कळले? काही नाण्यांवर एका राजाच्या छापावर दुसऱ्याने आपला छाप मारलेला आहे. खालच्या छापाची पुसट रेघ व त्यावरची ठळक रेघ पाहून विद्वानांनी क्रम लावला. म्हणजे राजवंशाचा क्रम ठरविणारा पुरावा धातूच्या वरच्या पातळ थरात सामावलेला आहे. तो थर कोणी घासून काढला, तर तो प्रश्न त्या नाण्यापुरता कायमचा अनुत्तरित राहील.

आश्चर्य असे की, जमिनीत दोन हजार वर्षे टिकलेले शिसे लाकडी कपाटात बिघडू शकते. लाकडातून, विशेषतः ओकमधून व नव्या प्लायवूडमधून, शिरक्याच्या आम्लाची वाफ सुटते. बंद खणात ती कोंडली म्हणजे शिशावर पांढरी भुकटी येते व नाणे हळूहळू चुरते. ही भुकटी विषारी असते. ती फुंकू नये, मुलांच्या हाती लागू देऊ नये, आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

चांदीचा शत्रू गंधक. चुलीचा धूर, रबर, लोकर यांतील गंधकाने रुपया काळा पडतो. हा काळिमा फार घातक नसतो. त्यासाठी रांगोळी घेऊन बसण्याचे कारण नाही. रबराच्या पट्ट्याने नाण्यांची चळत बांधण्याची सवय मात्र सोडावी.

ठेवावे कसे? पावसाळ्यात या भागात हवेची आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्याही वर जाते. रोग लागलेल्या तांब्याला ती चाळिसाच्या आत हवी. घट्ट झाकणाचा डबा घेऊन त्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी व तिचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरावी. बाजारातील मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकची पाकिटे टाळावीत. पीव्हीसी या जातीच्या प्लॅस्टिकमधून कालांतराने चिकट द्रव व आम्ल सुटून तांबे हिरवे होते. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन चालते. भुकटीचे ठिपके दिसणारे नाणे इतरांपासून वेगळे, कोरडे ठेवून संग्रहालयातील जाणत्यांना दाखवावे.

नांगरताना नाण्यांचे मडके लागले, तर ते धुऊ-पुसू नये. जिल्हाधिकाऱ्यांना वर्दी देणे कायद्याने आवश्यक आहे. घरच्या वारशाच्या नाण्यासोबत मात्र एक चिठ्ठी ठेवावी: ते कोणाकडून आले, कोठले, वजन किती. चिठ्ठी शाईने न लिहिता शिसपेन्सिलीने लिहावी आणि ती नाण्याला चिकटवू नये.