पेटंटांची मोजदाद व राष्ट्राची कल्पकता

राष्ट्राची कल्पकता पेटंटांच्या संख्येवरून ठरवावी व तीस धनवृद्धीच्या आंकड्यांची जोड द्यावी, असा प्रघात हल्लीं रूढ आहे. पेटंट म्हणजे शोधकास ठराविक मुदतीचा एकाधिकार देणारें राजपत्र. आपल्या दप्तरांतील सनदेच्याच जातीचें. तेव्हां तें मिळविणें कोणास परवडत होतें, हें आधीं पाहिलें पाहिजे.

बेनेट वुडक्रॉफ्ट यानें केलेल्या सूचींत १६१७ पासून १८५२ पर्यंतचीं १४,३५९ इंग्लिश पेटंटें नोंदलेलीं आहेत. त्या काळीं एका पेटंटास शंभर पौंडांहून अधिक खर्च येई व अनेक कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागत. १८५२ च्या कायद्यानें आरंभींचें शुल्क २५ पौंडांवर आलें. लागलीच वर्षास सुमारें पांचशें असलेली संख्या दोन हजारांवर गेली. इंग्रजांची बुद्धि एका वर्षांत चौपट झाली काय? दर उतरला, इतकेंच!

धनवृद्धीचा मेळही असाच बसत नाहीं. जेम्स वॉटचें पेटंट १७६९ चें. परंतु वाफेच्या शक्तीनें देशाच्या उत्पादनांत पडलेली भर अर्थशास्त्रज्ञांस १८३० नंतरच ठळकपणें आढळते.

सॅम्युएल क्रॉम्प्टननें १७७९ त सिद्ध केलेलें ‘म्यूल’ हें सूतकताईचें यंत्र तर त्या सूचींत मुळींच नाहीं. त्यानें पेटंट घेतलेंच नव्हतें. १८११ त त्यानें स्वतः गिरण्या फिरून मोजणी केली, तेव्हां त्या यंत्राच्या चात्या चाळीस लाखांवर भरल्या. पुढील वर्षीं पार्लमेंटानें त्यास ५,००० पौंड दिले. त्याच्या शोधाचा सरकारी माग लागतो तो या देणगीच्या कागदांत, पेटंटांच्या दप्तरांत नव्हे.