सावकाराच्या पदरी पडलेला देश

आमच्या भंडाऱ्याकडे गोंड राजांच्या काळी कोहळ्यांनी तलाव बांधले आणि त्या कष्टांवर गावे मिळवली. मालगुजारी १९५१ साली गेली. तलाव अजून भाताला पाणी देतात.

आउग्सबुर्गच्या वेल्सर सावकारांनी मात्र नुसत्या कर्जावर देश मिळवला! १५१९ साली पाचव्या चार्ल्सच्या सम्राटपदासाठी त्यांनी पैसा ओतला. १५२८ मध्ये त्याने व्हेनेझुएलाचा कारभार त्यांच्या हवाली केला. ही पेढी काही अडाणी नव्हे. १५०५ साली मिऱ्यांसाठी तिचा पैसा आल्मेदाच्या आरमाराबरोबर आपल्या गोव्याच्या अंजदीव बेटापर्यंत पोहोचला होता. पण मिऱ्यांचा हिशेब चोख ठेवणारे सोन्याच्या वार्तेने पार भुलले. त्यांचा सुभेदार एहिंगर गावे लुटीत, तिथल्या माणसांना साखळदंडात जखडून ओझी वाहायला लावीत रानोमाळ हिंडला आणि १५३३ मध्ये त्यांच्याच बाणाने मेला. सुवर्णनगरी कोणालाच सापडली नाही. १५४६ साली खुद्द पेढीच्या मालकाच्या मुलाचा कार्वाहाल नावाच्या स्पॅनिश अधिकाऱ्याने शिरच्छेद केला. मुद्दल राहिले बाजूला, घरचा मुलगा गेला! १५५६ साली सनद गेली, १६१४ साली पेढीचेही दिवाळे वाजले.