एका गुडघ्यावर बसलेला ताल

संपादकांनी विषय दिला तो असा: मराठी घरातून निघालेला फंक किंवा ॲसिड जाझच्या वळणाचा एखादा अल्बम शोधा, तो कसा घडला आणि लोकांनी तो कसा घेतला, ते लिहा. बालाघाटकडच्या आमच्या परसवाड्यात बसून विचार करताना माझ्यापुढे दुसरं नाव आलंच नाही. १९८८ साली जर्मनीतल्या सीएमपी या कंपनीनं त्रिलोक गुर्टू यांचा पहिला स्वतंत्र अल्बम काढला, 'उसफ्रेट'. त्यात ठुमरी-दादऱ्याच्या क्षेत्रातला आपल्याकडचा एक थोर आवाज आहे, शोभा गुर्टूंचा. मुलानं आईला आपल्या पहिल्याच अल्बममध्ये गायला बसवलं. तिच्या भोवती होते अमेरिकेचे डॉन चेरी ट्रम्पेटवर, राल्फ टाउनर गिटारवर, स्वीडनचे योनास हेलबोर्ग बेसवर, फ्रान्सचे दानिएल गोयोन पियानोवर आणि आपले एल. शंकर व्हायोलिनवर. अल्बममधल्या एका रचनेचं नावच 'शोभारॉक' आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. शोभाताई म्हणजे माहेरच्या भानुमती शिरोडकर, जन्म बेळगावचा, १९२५ सालचा. आई मेनकाबाई व्यवसायानं नर्तकी आणि अल्लादिया खाँसाहेबांच्या गायकीत शिकलेल्या. लेकीची तालीम भूर्जी खाँसाहेबांकडे सुरू झाली. पुढे घम्मन खाँसाहेबांकडून ठुमरी, दादरा, कजरी मिळाली. लग्न विश्वनाथ गुर्टूंशी झालं आणि संसार मुंबईत. त्रिलोक तिथेच १९५१ साली जन्मले. तबला लहानपणीच हातात आला, शिक्षण शाह अब्दुल करीम यांच्याकडे. सत्तरच्या दशकात ते युरोपात वाजवू लागले. १९७७ साली एम्ब्रियो या जर्मन बँडच्या 'अपो-कॅलिप्सो'त ते वाजवतात आणि त्याच अल्बमवर शोभाताई गातात. म्हणजे 'उसफ्रेट'च्या आधी दहा-अकरा वर्षं आई-मुलानं हा रस्ता एकदा चालून पाहिला होता.

बाकीची माणसं कशी जमली, हेही एका ओळीत सांगता येत नाही. ओरेगॉन नावाच्या अमेरिकी बँडमध्ये कॉलिन वॉलकॉट होते. रविशंकरांकडे सतार आणि अल्लारखाँकडे तबला शिकलेला हा अमेरिकी माणूस १९८४ साली पूर्व जर्मनीत रस्त्यावरच्या अपघातात गेला. त्यांची जागा त्रिलोकनी घेतली. १९८७ च्या 'इकोटोपिया'त ते आहेत. टाउनर त्याच बँडचे. डॉन चेरी वॉलकॉटचे जुने सोबती, आणि त्रिलोकनी सत्तरच्या दशकातच त्यांच्याबरोबर वाजवलेलं. हेलबोर्ग आणि एल. शंकर दोघेही गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनच्या वर्तुळातले. ही माणसं सोबतीनं आणि एका मृत्यूनं एकमेकांच्या जवळ आली होती, आणि अल्बम ऐकताना ती ओळख जाणवते.

पण मला या सगळ्यात खिळवून ठेवलं ते त्रिलोकच्या बैठकीनं.

पाश्चात्त्य ड्रमवादक उंच स्टुलावर बसतो. दोन्ही पाय पेडलवर असतात: एका पायानं समोरचा मोठ्या पोटाचा बेस ड्रम, दुसऱ्यानं झांजांची जोडी. तबलजी मांडी घालून जमिनीवर बसतो आणि त्याची वाद्यं गुडघ्यांच्या उंचीला असतात. दोन्ही एकाच माणसानं एकाच गाण्यात वाजवायचं तर दर वेळी उठबस करावी लागेल, आणि तेवढ्यात ताल निघून जाईल. त्रिलोकनी स्टूलच काढून टाकलं. ते जमिनीवर एका गुडघ्यावर अर्धवट बसतात, आणि तबला, पाश्चात्त्य ड्रम, झांजा, घंटा, गाँग असं सगळं त्या उंचीला खाली उतरवलेलं असतं. बेस ड्रमचं मोठं पोट समोर ठेवलं तर तबल्याला जागाच उरणार नाही. म्हणून त्या पोटाऐवजी पेडल लावलेली एक चपटी, फेरफार केलेली पुडी पायाशी असते. पाय तिच्यावर ठोका देतो, हात तबल्यावर असतात, आणि हात जरा वर उचलला की झांज सापडते. शेजारी पाण्याची बादली. गाँग किंवा झांज वाजवून ती बादलीत बुडवली की सूर खाली घसरतो, थरथरतो. शिंपल्यांची माळ पाण्यात सोडली की वेगळाच खळखळाट उठतो.

या मांडणीचं मूळ त्यांनी स्वतः सांगितलंय. तरुणपणी ते पाश्चात्त्य रेकॉर्डी ऐकत, तेव्हा स्टुडिओत एकावर एक थर चढवून ध्वनिमुद्रण करतात हे त्यांना माहीतच नव्हतं. आज ड्रम, उद्या काँगा, परवा खुळखुळे असं वेगवेगळं वाजवून टेपवर एकत्र करता येतं, याची कल्पना नाही. एकाच माणसानं हे सगळं एका वेळी वाजवलंय असं समजून ते तसंच वाजवायला शिकले. जे यंत्रानं केलेलं होतं ते एका शरीराला शिकवलं गेलं.

हा अल्बम मी इथल्या एका मांदर वाजवणाऱ्या गृहस्थांना ऐकवला, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, वाजवणारे किती आहेत? आमच्या बालाघाटच्या या भागात बैगा आणि गोंड वस्त्यांत करमा आणि सैला नाचाला मांदर लागतोच. मातीचं खोड, दोन्ही तोंडांना चामडं, एक तोंड दुसऱ्यापेक्षा मोठं, वर लेप, आणि वाद्य गळ्यात अडकवलेलं. वाजवणारा नाचतही असतो, म्हणजे त्याचे पाय मोकळे नसतातच. पायातल्या ठेक्यावर हात बोलतात. ठोक्यांचा बराचसा भाग एकच माणूस वाजवतो, असं मी सांगितल्यावर त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं आणि या खेपेला डोळे मिटून फक्त पायाचा ठोका मोजला. बेस गिटारबद्दल ते काही बोलले नाहीत. बाईंचा आवाज मात्र त्यांना लगेच आवडला. ही कुठली, असं विचारलं. बेळगावची, म्हटलं.

आता गाण्याकडे. फंकमध्ये सगळा भार पहिल्या मात्रेवर असतो. जेम्स ब्राउननं १९६५ च्या सुमारास आपल्या बँडला हीच शिस्त लावली: बाकी मात्रांवर काहीही करा, पहिलीवर सगळे एकत्र. आपल्याकडच्या समेची आठवण इथे होतेच, पण फरक मोठा आहे. फंकची सम दर चार मात्रांनी येते आणि चुकता येत नाही. दीपचंदीची सम चौदा मात्रांनी येते. मध्ये खाली येते, डग्ग्याचा घुमारा थांबतो, गाणारीला श्वास आणि मोकळीक मिळते. ठुमरीची गंमत त्या मोकळ्या जागेत आहे. एकच शब्द चार वेळा चार रंगांत म्हणायचा, थांबायचं, लयीच्या मागे रेंगाळायचं आणि समेला अलगद येऊन बसायचं.

वरवर पाहता या दोन गोष्टी जुळायला नकोत. पण शोभाताईंसारखी गायिका आयुष्यभर पक्क्या ठेक्यावर सैल गात आलेली असते. खालचा ठेका तबल्याचा आहे की बेस गिटारचा, यानं तिच्या रेंगाळण्यात फरक पडत नाही; उलट ठेका जितका घट्ट तितकं वरचं सैलपण उठून दिसतं. आणि ठुमरीच्या शेवटी लग्गी येते, हे विसरून चालणार नाही. मूळ ताल सोडून तबलजी दुप्पट लयीच्या केरव्यात शिरतो, गायिका मुखडा धरून ठेवते आणि तबला नाचायला लागतो. ठुमरीतली ही नाचाची जागा कोठीवर नाचणाऱ्या स्त्रियांनी जपलेली आहे, आणि शोभाताईंच्या आईचा व्यवसाय नृत्याचा होता. 'उसफ्रेट'मध्ये आई-मुलगा एकत्र येतात ते मला त्या लग्गीच्या अंगणात भेटल्यासारखे वाटतात. बाहेरचं काही ठुमरीवर लादलेलं नाही, हे माझं ठाम मत आहे.

तांत्रिक अडचणी होत्याच. अशा वादनात खालचे सूर तीन असतात: पायाखालच्या पुडीचा बोथट ठोका, मनगटाच्या दाबानं सरकणारा डग्ग्याचा घुमारा, आणि बेस गिटार. तिन्ही एकाच पट्ट्यात. तिघांना जागा करून दिली नाही तर नुसता गुरगुराट ऐकू येईल. दुसरी अडचण पियानोची. त्याचे सूर ठरलेले. ठुमरीची मींड दोन पट्ट्यांच्या मधून जाते. आपल्याकडे याच कारणावरून आकाशवाणीनं १९४० पासून तीस वर्षं पेटीला दार बंद ठेवलं होतं. या अल्बममध्ये आवाजाभोवती पोकळी ठेवली आहे; आई गाते तेव्हा बाकीची मंडळी बरीच गप्प असतात. मला ही समज सगळ्यात मोलाची वाटते.

आता स्वागत. नेमक्या त्याच सुमाराला लंडनमध्ये ॲसिड जाझ हे नाव रूढ होत होतं. जाइल्स पीटरसन आणि एडी पिलर यांनी १९८७ मध्ये त्याच नावाची कंपनी काढली. जुना जाझ आणि फंक पुन्हा नाचाच्या फरशीवर आणायचा हा उद्योग. 'उसफ्रेट' त्या शिक्क्याखाली विकला गेला नाही, पण त्या फरशीवर वाढलेल्या दक्षिण आशियाई मुलांपर्यंत तो पोचला. नितिन साहनी हे ॲसिड जाझमधल्या जेम्स टेलर क्वार्टेटमध्ये वाजवून आलेले. तबलावादक तालविन सिंग यांना 'ओके' अल्बमसाठी १९९९ चं मर्क्युरी पारितोषिक मिळालं. त्या पिढीनं, एशियन डब फाउंडेशनसकट, 'उसफ्रेट'ला वाट दाखवणाऱ्यांत मोजलंय. स्वतः त्रिलोक त्याच काळात मॅकलॉफ्लिनच्या त्रयीत होते. १९८९ च्या नोव्हेंबरात लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधली मैफल ध्वनिमुद्रित झाली आणि जगभर गेली. तिथे मंचावर तबल्याचे बोल तोंडानं म्हणत सवालजबाब होत. १९९४ ते ९६ सलग तीन वर्षं 'डाउनबीट' मासिकाच्या समीक्षकांनी त्रिलोकना सर्वोत्तम तालवादक ठरवलं. १९९३ च्या 'क्रेझी सेंट्स'मध्ये शोभाताई पुन्हा आल्या, या वेळी पॅट मेथिनी आणि जो झाविनुल यांच्या सोबतीला.

आणि इथे? इथली ओळख दोन खणांत वाटली गेली. शोभाताईंना १९८७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २००२ साली पद्मभूषण. 'सामना' चित्रपटातलं गाणं, 'पाकिजा'तलं गाणं, मैफली, यांवर लोक भरभरून बोलतात. त्रिलोक म्हणजे परदेशात नाव काढलेला मुलगा. दोघांनी एकत्र केलेलं काम कुठल्याच खणात बसत नाही, म्हणून ते राहून जातं. ठुमरीवर लिहिणारे त्याला जाझ म्हणून सोडतात, जाझवर लिहिणारे आवाजाचा उल्लेख 'वादकाची आई' असा करून पुढे जातात. पद्मभूषण मिळालेली गायिका एका वाक्यात नात्यापुरती उरते, हे मला सहन होत नाही.

फोननं हे दुखणं वाढवलंय. पूर्वी सीडीच्या आत चार पानांचं पत्रक असायचं. कोणत्या रचनेत कोण गायलं, कोण वाजवलं, कुठे ध्वनिमुद्रण झालं, सगळं छापलेलं. आज ॲपवर चौकोनी मुखपृष्ठ येतं, एक नाव येतं आणि गाणं सुरू होतं. परसवाड्यातल्या मुलाला हा अल्बम सापडला, तर हा आवाज बेळगावच्या एका बाईंचा आहे हे त्याला कसं कळणार? मला स्वतःला जुनी नोंद पाहूनच कळलं.

दुसरी चिंता त्या बैठकीची. तबल्याला घराणी आहेत. दिल्लीचा कायदा, पंजाबची गत, बनारसची उठान हातातून हातात जाते. एका गुडघ्यावर बसून वाजवायच्या या वाद्यसंचाला घराणं नाही. तो बाजारात तयार मिळत नाही, त्याचा अभ्यासक्रम नाही. त्याचं वादन अंगात बसवायला हात तबलजीचे आणि पाय ड्रमवाल्याचे लागतात, आणि दोन्ही तालमी घेणारा विद्यार्थी दोन्हीकडच्या गुरूंना परका वाटतो. शरीराचंही काही मोल द्यावं लागतं. तास-दीड तास त्या बैठकीत बसणं वयाबरोबर अवघड होत जाणार. त्रिलोक गुर्टूंनी २०१९ मध्येही नवा अल्बम दिला, पण त्यांचा जन्म १९५१ चा आहे. पुण्या-मुंबईच्या संगीत विभागांनी ही बैठक, ती चपटी पुडी, बादलीतल्या गाँगचा घसरणारा सूर, हे सगळं त्यांच्याकडून नीट समजून घेऊन चित्रफितीत आणि लेखी नोंदीत ठेवावं. हे काम आत्ताच होऊ शकतं.

शोभाताई २००४ च्या सप्टेंबरात गेल्या. त्यांच्यावर पुढे कुणी मराठीत लिहील, त्यानं १९७७, १९८८ आणि १९९३ ही तीन सालं तळटीपेत टाकू नयेत. त्यांच्या गाण्याच्या प्रकरणात घ्यावीत. आणि वाचणाऱ्यानं एवढं करावं: 'शोभारॉक' कानाला हेडफोन लावून दोनदा ऐकावं, पहिल्यांदा आईसाठी, दुसऱ्यांदा मुलाच्या पायासाठी.