राणी एलेनॉर – लेखांक ९ : तिघींची सही राहिली

लंडन ब्रिजवरून राणीच्या नावेवर दगडांचा मारा झाला, तो प्रसंग आज सांगायचं कबूल केलं होतं. तो पुढे ढकलतो. एका निवृत्त वकील वाचकांचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न वाचल्यावर मला दुसरं काही सुचेना. ते विचारतात, ‘चारही मुली राजघराण्यांत पडल्या हे ठीक, पण बापाच्या इस्टेटीचं काय? थोरल्या तिघींनी हक्कसोडपत्र दिलं होतं का?’

नाही दिलं. आणि त्यावरूनच पुढची चाळीस वर्षं पेटली.

प्रोव्हान्सचा काउंट रेमाँ बेरेंगर ऑगस्ट १२४५ मध्ये वारला. मुलगा नव्हता. मृत्युपत्र त्याने १२३८ मध्येच करून ठेवलं होतं आणि त्यात सगळा प्रांत धाकट्या बिआट्रिसच्या नावे केला होता. मार्गरेट तेव्हा फ्रान्सची राणी होती, आपली एलेनॉर इंग्लंडची. त्यांना हुंडा दिला, विषय संपला, असा बापाचा हिशेब. मला तो हिशेब धूर्त वाटतो. मार्गरेटला प्रांत दिला असता तर फ्रान्सने गिळला असता. चौघींत वाटला असता तर चिंध्या झाल्या असत्या. धाकटीचं लग्न व्हायचं होतं, म्हणजे प्रांताला स्वतःचा धनी मिळण्याची आशा होती.

आता वकीलसाहेबांना रुची वाटेल असा मुद्दा. प्रोव्हान्समध्ये रोमन कायद्याचं वजन होतं, त्यामुळे बापाने मृत्युपत्रात लिहिलं ते चाललं. इंग्लंडमध्ये मात्र मुलगा नसेल तर जमीन सगळ्या मुलींना समान वाटून जाई. एलेनॉर नऊ वर्षं त्या इंग्लंडमध्ये राहिलेली. तिथल्या कोणाही जमीनदाराच्या मुलीला जे मिळतं ते राणीला मिळू नये, हे तिला कसं पटावं?

त्यात हुंड्याचं दुखणं वेगळंच. मार्गरेटसाठी दहा हजार मार्क ठरले होते (मार्क म्हणजे दोन तृतीयांश पाउंड), त्यातले बरेचसे पॅरिसला पोचलेच नाहीत. एलेनॉरच्या वेळी तिच्या नवऱ्याने, तिसऱ्या हेन्रीने, आधी ताणून धरलं आणि मग घाईघाईने आपल्या वकिलांना कळवलं की रक्कम कितीही कमी करा, पण मुलगी घेऊन या. वर १२४३ मध्ये तिसरीच्या, सांचियाच्या, लग्नाला सासूबाई इंग्लंडला आल्या, त्या जावई हेन्रीकडून चार हजार मार्क कर्ज काढूनच परतल्या. तारण म्हणून प्रोव्हान्सचे पाच किल्ले होते. काउंट वारल्यावर ते किल्लेही नव्या जावयाच्या हाती गेले आणि मॅथ्यू पॅरिस हा आपला नेहमीचा कुरकुर्‍या इतिहासकार त्यावर मनसोक्त चिडला.

नवा जावई कोण? बाप गेला तशी धाकटीसाठी झुंबड उडाली. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकला ती आपल्या मुलासाठी हवी होती, तूलूजचा रेमाँ टपलेला होता आणि आरागॉनचा राजा फौज घेऊनच आला. आई, साव्हॉयची बिआट्रिस, जवळच लिआँला मुक्काम ठोकून बसलेल्या पोपकडे धावली. पोपने मार्गरेटच्या नवऱ्याशी, फ्रान्सच्या नवव्या लुईशी, बोलणी केली आणि ३१ जानेवारी १२४६ रोजी एक्समध्ये लग्न लागलं ते लुईच्याच धाकट्या भावाशी, अँजूच्या चार्ल्सशी. ज्या फ्रान्सपासून प्रांत राखायचा, त्याच घरात तो गेला. मार्गरेटला हे सर्वांत झोंबलं. माहेर धाकट्या बहिणीला मिळालं आणि धाकटी तिचीच जाऊ होऊन दारात आली. ब्लांश सासूबाईंचा जाच मागच्या लेखांकात पाहिलाच. त्यात ही भर.

चार्ल्स नुसता बायकोचा नवरा म्हणून राहिला नाही, मालकासारखा राहिला. कारकून आणि कायदेपंडित आणून त्याने कुठला कर आपला, कुठली जमीन आपली याची चौकशी लावली. सासूने फोर्काल्किएचा परगणा आपल्याकडे राखला होता, त्यावरून दोघांचं उघड वैर जुंपलं. १२५६ मध्ये लुईने मध्यस्थी केली आणि रोख रक्कम घेऊन सासूने तिथला हक्क सोडला. म्हणजे हक्कसोड झाली ती आईची!

मुलींची नाही. १२५४ च्या नाताळात चौघी आणि आई पॅरिसमध्ये एकत्र जेवल्या. पुढच्या शतकातला फ्लॉरेन्सचा व्हिलानी सांगतो की एका समारंभात बहिणींनी बिआट्रिसला एक पायरी खाली बसवलं, कारण ती राणी नव्हती, आणि चार्ल्सने तिला मुकुट मिळवून देण्याची शपथ घेतली. गोष्ट रंगवलेली असणार, पण मुकुट मिळाला हे खरं: ६ जानेवारी १२६६ रोजी रोममध्ये चार्ल्स आणि बिआट्रिस सिसिलीचे राजाराणी झाले. पुढच्याच वर्षी बिआट्रिस वारली. प्रांत मात्र चार्ल्सकडेच राहिला.

मार्गरेटचं वैर किती खोल होतं, याचा माझा आवडता पुरावा १२६३ मधला आहे. तिने थोरल्या मुलाकडून, फिलिपकडून, गुपचूप शपथ घेतली होती की तिशी उलटेपर्यंत आईच्या सल्ल्याने वागीन आणि काका चार्ल्सशी कधीही हातमिळवणी करणार नाही. पोपने त्याला त्या शपथेतून मोकळं केलं. विधवा झाल्यावरही बाई थांबल्या नाहीत. १२८१ मध्ये माकाँ इथे त्यांनी चार्ल्सविरुद्ध सरदारांची जूट बांधली, भाचा पहिला एडवर्ड याच्यामागे पत्रांचा तगादा लावला. इकडे एलेनॉरही त्याच एडवर्डला, आपल्या मुलाला, प्रोव्हान्समधल्या आपल्या चौथ्या हिश्श्यासाठी लिहीत होती. एडवर्डला वेल्समध्ये युद्ध होतं. तो गोड उत्तरं देई.

चार्ल्स १२८५ च्या जानेवारीत वारला. त्यानंतर मार्गरेटने अँजूच्या महसुलातली ठरावीक रक्कम घेऊन दावा मिटवला. एलेनॉरने तेवढंही केलं नाही. १२८६ मध्ये एम्सबरीच्या मठात जोगीण व्हायला निघाली तेव्हा मालमत्ता सोडणं भागच होतं. पण प्रोव्हान्सचा हिस्सा सोडून न देता तिने तो धाकट्या मुलाच्या मुलांच्या, लँकेस्टरच्या टॉमस आणि हेन्रीच्या, नावे केला. नातवांना त्यातून हातभर जमीन मिळाली नाही. प्रोव्हान्स चार्ल्सच्या वंशातच राहिलं आणि शेवटी १४८१ मध्ये फ्रान्सच्या राजाकडे गेलं, तेही एका निपुत्रिक काउंटच्या मृत्युपत्राने.